स्टेजिंग कासा, प्रॉडक्शन दाभोसा

कोड स्टेजिंगवरून प्रॉडक्शनवर नेणं आता आपल्या धंद्यात फारसं अवघड राहिलेलं नाही. बटण दाबा, चहा पिऊन या, झालं. डॅशबोर्डचं मात्र तसं नाही. कोड चुकीचा गेला तर काहीतरी मोडतं, एरर येते, कोणीतरी रात्री फोन करून झोप घालवतं. डॅशबोर्ड चुकीचा गेला तर काहीच मोडत नाही. रंग तेच, रकाने तेच, आलेखाची रेघ तशीच छान वळणदार. फक्त त्यातला आकडा आता भलत्याच गोष्टीचा असतो, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

याचं कारण साधं आहे. ग्राफानामधून डॅशबोर्ड बाहेर काढला की एक जेसन फाईल मिळते. त्या फाईलीत चित्र असतं, आकडे नसतात. आकडे कुठून आणायचे, कशाला काय म्हणायचं आणि कोणाला मोजणीत धरायचं, या तीन गोष्टींवर त्या चित्राचा अर्थ ठरतो. म्हणजे सोर्स, व्याख्या आणि फिल्टर. चित्र हलवताना या तिन्हींपैकी एक जरी बदलली, तरी जुनी रेघ आणि नवी रेघ यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही.

ज्यांना वाटतं की ही भानगड कॉम्प्युटरबरोबर आली, त्यांच्यासाठी आजचा हा शनिवारचा लेख. कंपन्यांचा इतिहास नाही सांगत. जव्हार-मोखाड्याचा सांगतोय.

मुंबई-नाशिककडच्या लोकांना दाभोसा माहीत असतो तो धबधब्यामुळे. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंडी नदी साधारण तीनशे फूट खाली उडी घेते, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. त्याच पावसाळ्यात या भागातल्या घरांत धान्याची कणगी तळाला गेलेली असते. भात, नागली, वरई अजून शेतात उभी. हाती यायला दिवाळी उजाडणार. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, मुलाबाळांसकट, आणि परततात ती पुढच्या पावसाच्या तोंडाला. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशी ही वस्ती. विखुरलेले पाडे, मध्ये ओढे आणि चढ.

या पाड्यांवरच्या मुलांचं वजन घेऊन ते वर कळवण्याचं काम कित्येक दशकं चालू आहे. स्क्रीन नव्हती तेव्हाही तो एक डॅशबोर्डच होता. आणि या काळात तो एका जागेवरून दुसऱ्या जागी बऱ्याचदा हलवला गेला.

सुरुवात जरा लांबून करतो, कारण मूळ चित्र आफ्रिकेत तयार झालं. डेव्हिड मॉर्ली नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियातल्या इमेसी-इले या गावात काम करत होते. त्यांनी मुलाच्या वजनाचं एक कार्ड बनवलं. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो. दर महिन्याला एक ठिपका. ठिपके वर चढत असले तर मूल ठीक आहे, सपाट झाले तर काहीतरी बिनसतंय. हे कार्ड दवाखान्यात ठेवायचं नाही, आईकडे द्यायचं, ही त्यातली खरी गंमत होती. जी व्यक्ती रोज काही करू शकते, तिच्याच हातात आलेख. 'आरोग्याचा रस्ता' अशा अर्थाच्या नावाने ते कार्ड जगभर गेलं.

आपल्याकडे ते ज्या ठिकाणी नीट रुजवून पाहिलं गेलं, त्यातलं एक ठिकाण जव्हारच्या शेजारीच आहे. डहाणू तालुक्यातलं कासा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात माता-बाल आरोग्य आणि पोषणाचा एक प्रकल्प चालला. महाराष्ट्र शासन आणि 'केअर' ही संस्था त्यात होती, आणि डोकं होतं डॉ. पी. एम. शाह यांचं. गावातल्याच बायकांना अर्धवेळ काम देऊन त्यांच्याकडून घरोघर वजनं घ्यायची, कार्ड घरी ठेवायचं, आणि सगळ्या मुलांवर सारखा वेळ घालवण्याऐवजी ज्यांना धोका जास्त आहे अशांकडे आधी लक्ष द्यायचं, अशी पद्धत. आपल्या भाषेत, कासा हे स्टेजिंग होतं. खरी माणसं, खरी मुलं, पण आवाक्यातला प्रदेश आणि डोळ्यात तेल घालून बघणारे डॉक्टर.

त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, ३३ प्रकल्पांपासून. हीच आपली अंगणवाडी. ती थेट कासातून उचलली असं मी म्हणत नाही. पण गावातलीच बाई, वजनकाटा आणि वाढीचा तक्ता हे तिन्ही घटक तिथेही होते. आणि हे प्रॉडक्शन होतं. देश मोठा, बघणारे डॉक्टर थोडे.

या प्रवासात काय गळलं बघा. वाढीचा तक्ता राहिला, पण त्याची जागा बदलली. आईच्या घरातून तो अंगणवाडीच्या रजिस्टरात गेला. आणि रजिस्टरातून वर गेला तो मासिक प्रगती अहवाल. त्या अहवालात 'या मुलाचं वजन सलग तीन महिने वाढलेलं नाही' असं लिहायला जागा नव्हती. जागा होती ती एवढ्याला, की पहिल्या श्रेणीत इतकी मुलं, दुसऱ्या श्रेणीत इतकी, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत इतकी. म्हणजे खाली वजनं आणि वर नुसत्या बेरजा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या श्रेणी कुठून आल्या ते बघू. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, एक वर्गीकरण ठरवलं. त्या वयाच्या मुलाचं जे प्रमाण वजन, त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त वजन असेल तर मूल सर्वसाधारण. ७१ ते ८० टक्के पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि ५० किंवा त्याखाली चौथी. प्रमाण वजन कोणाचं? तर हार्वर्डचं. बॉस्टन शहरातल्या मुलांची वजनं अनेक वर्षं मोजून केलेला तो तक्ता. म्हणजे जव्हारच्या मुलाची पट्टी बॉस्टनमध्ये बनलेली होती. दुसरी हाताशी नव्हती म्हणून ती वापरली, यात कोणाचा दोष नाही. पण बॉस्टनची मुलं कशी वाढली एवढंच ती पट्टी सांगते. मुलाने कसं वाढायला हवं, हे ती सांगत नाही.

ही व्यवस्था चालू असतानाच १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणी घडलं. एकाच भागात शंभराहून अधिक लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा पहिल्यांदाच महाराष्ट्रभर माहीत झाला. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या. आपल्या विषयापुरतं यातलं महत्त्वाचं एवढंच, की ही गोष्ट मुंबईला कळली ती बातम्यांमधून. महिन्याच्या महिन्याला वर जाणाऱ्या कागदांनी घंटा वाजवली नाही.

का वाजवली नसेल? दोन कारणं तर उघड दिसतात. एक, मृत्यूच्या कारणाचा रकाना. मूल कुपोषणाने मरतं तेव्हा शेवटचं निमित्त न्यूमोनिया, हगवण किंवा गोवर असतं. नोंद त्याचीच होते. म्हणजे मुलं मरत असतानाही 'कुपोषणाचे मृत्यू' हा आकडा शून्य राहू शकतो, आणि तसा रकाना भरणारा माणूस खोटंही बोलत नसतो. दुसरं कारण, मृत्यूची नोंदच न होणं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत स्वतंत्रपणे जन्म-मृत्यू मोजून तो केला होता, आणि प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं त्यात दिसलं. पुढे शासनाने बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, तिचा अहवाल २००४ चा. आपल्याकडे याला काय म्हणतात? सोर्सची पडताळणी. तीच मोजणी दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने करून बघायची.

२००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, आदिवासी जिल्ह्यांपासून. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतली मुलं कमी करायची, हे सुरुवातीचं लक्ष्य होतं. आणि नेमकी याच वेळी पट्टी बदलली.

एप्रिल २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मानकं जाहीर केली. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांवरून ती बनली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, घरची परिस्थिती बरी असलेली, आई सिगारेट न ओढणारी अशी मुलं मुद्दाम निवडली होती, कारण मूल कसं वाढायला हवं ते शोधायचं होतं. शिवाय टक्केवारीऐवजी आता प्रमाण विचलन आलं. मध्यापासून दोन विचलनांहून खाली म्हणजे कमी वजन, तीनहून खाली म्हणजे तीव्र कमी वजन. केंद्राने २००८ मध्ये अंगणवाड्यांसाठी ही मानकं स्वीकारली.

हे चांगलंच झालं, वाद नाही. पण हा बदल जमिनीवर कसा दिसतो? समजा, दाभोशासारख्या एखाद्या गावातल्या अंगणवाडीत दोन मुलगे आहेत, दोघंही बरोब्बर दोन वर्षांचे. एकाचं वजन ९.९ किलो, दुसऱ्याचं ८.२ किलो. जुन्या तक्त्यात या वयाच्या मुलग्याचं प्रमाण वजन साडेबारा किलोच्या आसपास. म्हणजे पहिला ७९ टक्क्यांवर, पहिली श्रेणी, कुपोषित. दुसरा ६५-६६ टक्क्यांवर, दुसरी श्रेणी, मध्यम. आता नवी पट्टी लावा. दोन वर्षांच्या मुलग्यासाठी तिच्या सीमा आहेत ९.७ आणि ८.६ किलो. पहिला ९.७ च्या वर, म्हणजे सर्वसाधारण. दुसरा ८.६ च्या खाली, म्हणजे तीव्र कमी वजनाचा.

दोघांपैकी कोणाचंही वजन एक ग्रॅमही हललं नाही. काटा तोच, लटकती झोळी तीच, सेविका ताई त्याच. तरी एक कुपोषणातून बाहेर आला आणि दुसरा थेट लाल रंगात गेला. वर बसलेल्या माणसाला काय दिसणार? एकूण कुपोषण कमी झालं, पण तीव्र कुपोषण वाढलं. आणि ज्या मिशनचं कामच तीव्र कुपोषण कमी करण्याचं, त्याच्या आकड्यांचं काय होईल, ते तुम्हीच ताडा.

हा नुसता कागदावरचा खेळ नव्हता. मूल कोणत्या रकान्यात आहे त्यावर त्याच्या ताटात किती पडणार हे ठरत होतं. २००९ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार अंगणवाडीच्या पूरक आहारातून साधारण मुलाला ५०० कॅलरी आणि तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी द्यायच्या. त्याआधी ते आकडे ३०० आणि ६०० होते. म्हणजे ८.२ किलोच्या आपल्या पोराला जुन्या पट्टीने साधा आहार, नव्या पट्टीने वाढीव. पट्टी बदलायला जेवढा उशीर, तेवढे महिने त्या पोराचे गेले.

आता ते मघाचं वाक्य. खाली वजनं आणि वर नुसत्या बेरजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासमोरही पट्टी बदलायचा हाच प्रश्न होता. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत जुन्या आंतरराष्ट्रीय तक्त्याने तीन वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचं देशातलं प्रमाण ४७ वरून ४६ टक्क्यांवर आलेलं दिसत होतं. नव्या मानकांनी तेच ४३ वरून ४० टक्के. हे दुसरं गणित जमलं कसं? तर १९९८-९९ च्या फेरीतल्या प्रत्येक मुलाचं वय आणि वजन जपून ठेवलेलं होतं. जुन्या मुलांना नवी पट्टी लावून त्यांनी मागची रेघ पुन्हा काढली. अंगणवाडीच्या मासिक अहवालांवरून हे करता येत नव्हतं. वर पोचलेल्या होत्या त्या श्रेणींच्या बेरजा, आणि बेरजेतून वजन परत निघत नाही. वजनं होती, पण पाड्यावरच्या रजिस्टरात.

सोर्स झाला, व्याख्या झाली. राहिला फिल्टर. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाख. त्यात जव्हार तालुका १ लाख ४० हजारांचा आणि मोखाडा ८३ हजारांचा. दोन्ही मिळून दोन टक्के. नमुन्यादाखल हिशेब करा. बाकी जिल्ह्यात तीव्र कुपोषण २ टक्के आणि या दोन तालुक्यांत १० टक्के असं धरलं, तर जिल्ह्याची सरासरी येते २.१६. पाचपट फरक, आणि डॅशबोर्डवर दशांशानंतरची हालचाल. डोंबिवलीच्या मुलांच्या वजनाखाली मोखाड्याची मुलं झाकली जायची.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हे झाकण बरंच उघडलं. पण नव्या जिल्ह्याला मागची रेघ नव्हती. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते, त्यामुळे पालघर तिथेही ठाण्यातच. वेगळा पालघर दिसला तो २०१९ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या फेरीत. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, पालघरमध्ये सहाशे बालमृत्यू झाल्याच्या बातम्यांची दखल घेऊन राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. चर्चा पुन्हा तिथेच आली, की यातले कुपोषणाने किती आणि इतर कारणांनी किती. वावर-वांगणीला तेव्हा जवळजवळ दोन तपांचा काळ लोटला होता. रकाना तोच होता.

त्यानंतर आला खराखुरा, स्क्रीनवरचा डॅशबोर्ड. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि अंगणवाडीच्या अकरापैकी दहा रजिस्टरं फोनवर आणणारं 'कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर' सेविकांच्या हाती आलं. ते बंद होऊन मार्च २०२१ मध्ये त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आलं. तीन वर्षांत दोन प्रणाली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत करायचं आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं. फोनची मेमरी पुरत नाही, आणि ॲप इंग्रजीत आहे. पुढे ते मराठीत आलं. पण जी बाई वजन लिहिते तिला न वाचता येणाऱ्या भाषेत फॉर्म आधी प्रॉडक्शनवर गेला, हे घडलं खरं. कुठल्याही टीममध्ये हा प्रश्न पहिल्या बैठकीत निघायला हवा. माहिती भरणारं माणूस कोण, आणि त्याच्या हातात काय आहे?

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या नव्या प्रणालींनी जुना एक मोठा दोष काढला. आता एकेका मुलाचं वजन आणि उंची वर जाते, वर्गवारी नंतर होते. उद्या पट्टी पुन्हा बदलली तर मागची रेघ पुन्हा काढता येईल. मासिक अहवालाच्या काळात हे शक्य नव्हतं. शिवाय उंचीच्या मानाने वजन किती, हेही बघता येतं. ते महत्त्वाचं, कारण वयाच्या मानाने कमी वजन आणि उंचीच्या मानाने कमी वजन ही दोन वेगळी दुखणी आहेत. ज्याला 'सॅम' म्हणतात ते तीव्र कुपोषण दुसऱ्या मापाने ठरतं, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर. एका यादीतलं मूल दुसऱ्या यादीत असेलच असं नाही. बातम्यांत मात्र दोन्हींना एकच शब्द, कुपोषित.

या सगळ्यातून आपल्या धंद्यासाठी मी तीन गोष्टी घेतो. एक, डॅशबोर्ड हलवताना बेरजा हलवू नका, मूळ नोंदी हलवा. दोन, व्याख्या चित्राबरोबर लिहून न्या, आणि ती बदललीच तर त्याच नोंदींवर जुनी आणि नवी पट्टी काही महिने शेजारी शेजारी चालवा. दोन्ही रेघा दिसल्या की कोणाची फसगत होत नाही. तीन, सरासरी कोणाकोणाची आहे ते विचारा, आणि त्यात दोन टक्क्यांचं जव्हार-मोखाडा कुठे लपलंय ते शोधा.

एक प्रश्न तेवढा कुठलीच प्रणाली आपोआप सोडवत नाही. दिवाळीनंतर एखादं कुटुंब भिवंडीच्या भट्टीवर गेलं की पाड्यावरच्या अंगणवाडीत त्या मुलाचं वजन होत नाही. नोंद नाही म्हणून ते लाल रंगातून गळतं, आणि टक्केवारी सुधारल्यासारखी दिसू शकते. जूनमध्ये ते मूल परत येतं तेव्हा आकडा पुन्हा चढतो. तेव्हा पोषणाचा कुठलाही आलेख बघाल तर टक्क्यांच्या आधी खालचा छोटा आकडा बघा. या महिन्यात किती मुलांना काट्यावर बसवलं, आणि यादीतली बाकीची कुठे आहेत. दाभोशाचा धबधबा सुरू होतो त्याच सुमाराला ती घरी परतलेली असतात, आणि घरातलं धान्य तेव्हाच संपत आलेलं असतं.